दाराजवळची जागा

सावळेरामच्या द्राक्षबागेत विरळणी चालू होती. मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की घडातले जादा मणी कात्रीने काढून टाकतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. बोरी बुद्रुकच्या बायकांची टोळी डिसेंबरात हेच काम करते. दिवसभर मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांनी मिळून घरी निघायचं, कारण बागेच्या पलीकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो.

टोळीत रत्नाची नजर सर्वांत पक्की. घड हातात आला की कुठला मणी राहणार आणि कुठला पडणार हे तिला विचार न करता दिसायचं. डाग पडलेला, आत दबलेला, शेजारच्यापेक्षा बारीक राहिलेला. कात्री चालायची आणि पायाशी हिरवा सडा पडायचा.

ती हातमोजे घालून काम करायची. बाकी कोणी घालत नसे, कारण कापडी मोज्यात कात्री घसरते.

"मावशी, हात काळं व्हतील म्हून व्हय?" टोळीत नवीन आलेल्या एका पोरीने हसून विचारलं.

जुन्या बायकांपैकी कोणी हसलं नाही. रत्नाने पुढचा घड हातात घेतला.

रत्नाच्या हातांवर कोड होतं. आधी बोटांच्या पेरांवर खडूने टेकवल्यासारखे ठिपके आले, मग ते एकमेकांना मिळाले, आणि आता मनगटापर्यंत दोन्ही हात पांढरे होते. मंचरच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी काम थांबवतात, बाकी काही होत नाही. दुखत नाही, वाढलं तरी जिवाला धोका नाही, आणि हे एकाचं दुसऱ्याला होत नाही. गावातही हे बहुतेकांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या हाताने मळलेलं पीठ खाणं वेगळं.

मागच्या उन्हाळ्यात टोळीतल्याच लंकाबाईच्या मुलीचं, आरतीचं, लग्न ठरलं तेव्हा शेजारच्या बायका कुरडया घालायला जमल्या होत्या. रत्नाही गेली होती. चिकाच्या पातेल्याकडे तिने हात नेला, तेव्हा लंकाबाई पटकन म्हणाली, "रत्ना, तू नुसती बस बाई. सकाळपासून राबून आलीस." आवाज गोड होता. रत्ना भिंतीला टेकून बसली, आणि सगळ्या कुरडया होईपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने हातमोजे विकत घेतले.

नव्या पोरीने मोज्यांबद्दल विचारलं त्या सकाळी टोळीची मुकादम ठमाबाई बांधावर बसून होती. मोटारसायकलवरून पडून तिचा उजवा हात मोडला होता आणि प्लास्टर गळ्यात अडकवलं होतं. चहाच्या सुट्टीत तिने रत्नाला जवळ बोलावलं.

"ऐतवारी प्रभुभोजन हाय. भाकर तू कर."

रत्नाच्या हातातला कप थांबला. "मी?"

"मग काय मी करू, ह्या हातानं?"

गावातली ख्रिस्ती मंडळी लहान होती. तिचे धर्मगुरू रामनाथ पाळक यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे रविवारी उपासना व्हायची. रामनाथ एरवी शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या बसवून द्यायचे. प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत तिथे सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरस घेत, ते प्रभुभोजन. त्या भोजनाची भाकर म्हणजे खमीर न घातलेली, गव्हाची जाडसर चपाती. आजवर ती ठमाबाईच करत आली होती.

"लंकाबाईला सांगा," रत्ना म्हणाली.

"लंकाबाईची चपाती पापडावानी व्हती. तुला सांगितलंय."

"लोक खातील का, ठमाआक्का?"

"त्यांचं मी बघते. तुझं काय म्हणणं हाय?"

रत्नाने कप खाली ठेवला. मग तिने कमरेची कात्री काढून उघडमीट करून दाखवली. "मी दिसभर हेच करती. चांगलं ठिवायचं, डाग असलं की टाकायचं. निवडायचं म्हंजी असंच असतंय ना? पाळक म्हणत्यात, देवानं आपल्याला निवडलं. मी मुंडी हलवती. पर मनात येतं, त्याच्या हातात कात्री असली तर पहिल्या झटक्याला मीच खाली पडल."

ठमाबाईने बागेकडे पाहिलं. कडेच्या ओळीत सावळेराम एका वेलीपाशी उकिडवा बसला होता. मागच्या गारपिटीत त्या वेलीचं खोड उभं चिरलं होतं. बागेतल्या प्रत्येकाने सांगितलं होतं की ती उपटून नवीन लावा, जागा अडवते. त्याने ऐकलं नाही. खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून, गोणपाट गुंडाळून, सुतळीने आवळून ठेवलं होतं, आणि आता तो ती सुतळी सैल करत होता. वेलीवर यंदा चार-सहा घड होते, तेही किरकोळ.

"भाऊ," ठमाबाईने हाक मारली, "त्या येलीचं काय करताय? तिचं तर व्यापारी घड पण घ्यायचा न्हाई."

"नगं घेऊ दे," सावळेराम मान वर न करता म्हणाला.

"मग ठिवलीय कशाला?"

"कशाला म्हंजी? मी लावलीय ती. माझ्या हातानं काडी रवलीय." तो वैतागला होता. "तुमी बाया इरळणीपुरत्या येता, घड बघून जाता. मी काडी लावली तवा घड व्हता का काय तिला? नुसतं लाकूड व्हतं." सुतळीची गाठ पुन्हा मारून तो उठला आणि औषधाच्या टाकीकडे निघून गेला.

ठमाबाई रत्नाकडे वळली. "तू रोजंदारीवर इरळणी करतीस, म्हून तुला कात्रीच ठावं. देव काय आपल्यावानी रोजानं आलाय व्हय? लावणारा हाय तो. फळ बघून न्हाई निवडलं त्यानं तुला. काडी व्हतीस तवाच निवडलं."

रत्ना त्या गोणपाट बांधलेल्या खोडाकडे बघत राहिली. चहा गार झाला.

"करती," ती शेवटी म्हणाली.

तिने होकार दिला खरा, पण हात उघडे ठेवायचं धाडस काही झालं नाही. शनिवारी तिने खताच्या दुकानातून रबरी हातमोज्यांची नवी जोडी आणली. घडांना औषधात बुडवताना घालतात तसली. साबणाने धुतली, उलटी करून वाळवली आणि रविवारी सकाळी तीच घालून कणीक मळली. चपात्या लाटल्या, भाजल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या. मनात तिने सगळा हिशेब केला होता. कोणी काही म्हणालं तर सांगता येईल की माझा हात लागलेला नाही.

शेडमध्ये कोपऱ्यात ओटा होता आणि त्यावर गॅसची शेगडी. मनुका उकळून काढलेला रस आधीच गाळून ठेवला होता. उपासनेला अजून वेळ होता आणि बायका सतरंज्या अंथरत होत्या. ठमाबाईने फडकं उघडलं, वाकून वास घेतला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. तिने काही म्हणायच्या आत लंकाबाई पुढे आली, चपातीचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला आणि तिचा चेहराच बदलला.

"अगं बाई! रत्ना, टायर घातलंस का काय कणकीत?"

दोघीतिघी हसल्या. दाराशी चपला काढत असलेले रामनाथ पाळकही हसले. "बघू, माझी एखादी नळी कमी झालीय का," ते म्हणाले.

रत्ना हसली नाही. तिने पिशवीतून हातमोजे काढले आणि ओट्यावर ठेवले. पत्र्याच्या त्या लहानशा शेडमध्ये रबराचा तो वास आता सगळ्यांना आला.

"हे घालून मळली," ती म्हणाली. "म्हनलं, कुणाला..." पुढचं वाक्य तिने सोडून दिलं.

हसणं थांबलं होतं. कोणीतरी सतरंजीची सुरकुती उगाच नीट करू लागलं. लंकाबाईच्या तोंडात अजून तो घास होता. तिने तो थुंकला नाही. चावला आणि गिळला. ती त्या मोज्यांकडे बघत होती, आणि कुरडयांची दुपार तिला आठवली असावी, कारण तिने हळूच पदर तोंडाला लावला.

"डब्यात पीठ हाय," ठमाबाई सरळ आवाजात म्हणाली. "परात तिथं हाय. मीठ नगं घालू."

"आक्का, दुसऱ्या कुणाला तरी..."

"दुसऱ्या कुणाला सांगितलंच न्हाई मी."

रत्नाने पाळकांकडे पाहिलं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "होऊ द्या सावकाश," ते म्हणाले. "आपण तोवर गाणी गाऊ."

तिने हात धुतले. खूप वेळ धुतले. मग परातीत पीठ घेतलं आणि मधे आळं केलं. सगळ्यांच्या समोर तिचे हात असे उघडे कित्येक दिवसांत आले नव्हते. पाण्याचा तांब्या घ्यायला ती वळली, तर तांब्या आधीच लंकाबाईच्या हातात होता.

"सांग किती ते," लंकाबाई म्हणाली. तिची नजर पिठावरच होती.

"थोडं. आणखी थोडं. बास."

कणीक मळताना रत्नाला सुरुवातीला भीती वाटली आणि नंतर नाही वाटली. हातांना काम ठाऊक होतं. मागे गाणं चालू होतं, त्यात ठमाबाईचा भसाडा आवाज सगळ्यांच्या वर. लंकाबाईने तवा ठेवला आणि दोघींनी मिळून चपात्या भाजल्या. त्या बोलल्या ते एवढंच, "उलटव," "जळतीय," "घे."

उपासना सुरू झाली तेव्हा रत्ना नेहमीसारखी दाराजवळ जाऊन बसली, चपलांच्या शेजारी, रांगेत सर्वांत शेवटी. ती जागा तिने स्वतः शोधली होती आणि ती का, हे कोणाला सांगितलं नव्हतं. या मंडळीत भोजनाच्या वेळी ताटातून स्वतः घेत नाहीत. पाळक पहिल्या माणसाला तुकडा मोडून देतात, तो दुसऱ्याला मोडून देतो, आणि असं करत भाकर रांगेने पुढे जाते. देताना प्रत्येकजण एवढंच म्हणतो, "तुझ्यासाठी." जो सर्वांत शेवटी बसतो त्याला फक्त घ्यावं लागतं. त्याच्या हातून कोणाला घ्यावं लागत नाही.

पाळक फार बोलले नाहीत. "आपल्याला वाटतं आपण देवाला शोधत इथं आलो," ते म्हणाले. "तसं नाही. आपण निघालोच नव्हतो, तेव्हा त्यानं आपलं नाव घेतलं. आणि नाव घेतलं ते आपण चांगले म्हणून नाही. आपण त्याचे म्हणून." मग त्यांनी भाकर उचलली आणि उपकार मानले.

रत्ना डोळे मिटून बसली होती. तिला सावळेराम आठवला, त्याचा वैताग आठवला. मी लावलीय ती. यात प्रेमाचा शब्द एकही नव्हता, आणि तरी त्या वेलीला कोणी हात लावू शकलं नसतं.

भाकर रांगेतून येऊ लागली. तेवढ्यात पुढच्या ओळीत हालचाल झाली. भाकर आपल्यापर्यंत यायच्या आत लंकाबाई उठत होती. तिची गुडघेदुखी सगळ्यांना माहीत, त्यामुळे ती एकदा बसली की उपासना संपेपर्यंत उठत नसे. भिंतीचा आधार घेत, लोकांच्या गुडघ्यांवरून पदर ओढत ती दारापर्यंत आली आणि रत्नाच्या पलीकडे उभी राहिली.

"सरक गं जरा."

"इथं चपला हायेत," रत्ना कुजबुजली.

"दिसत्यात मला." लंकाबाईने पायाने चपला बाजूला लोटल्या आणि कण्हत खाली बसली. आता रांगेत शेवटची ती होती.

शेजारच्या बाईने तुकडा मोडून रत्नाला दिला. "तुझ्यासाठी." रत्नाने खाल्ला. मग उरलेल्या भाकरीचं ताट तिच्या मांडीवर आलं, आणि ती तशीच बसून राहिली. बोटं पदराच्या आत ओढली गेली. ताट खाली ठेवून द्यावं, लंकाबाईने स्वतः उचलून घ्यावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तसं केलं असतं तर कोणी काही म्हटलंही नसतं.

लंकाबाईने तळहात पुढे केला. खरबरीत, विरळणीच्या कात्रीने घट्टे पडलेला.

"दे की," ती अगदी हळू म्हणाली. "हाताला रग लागली माझ्या."

दुसऱ्या हाताने तिने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. रत्नाला कळलं की घाबरलेली ती एकटी नाही.

तिने पदरातून हात बाहेर काढले. भाकर हातात घेताना सवयीने तिची नजर चांगला भाग शोधू लागली, करपलेला नाही, जाड नाही, कच्चा नाही असा. मग तिने शोधणं थांबवलं आणि जिथे बोटं होती तिथेच तुकडा मोडला. तो तिने लंकाबाईच्या हातावर ठेवला. पुढचे शब्द इतकी वर्षं तिने फक्त ऐकले होते.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली.

लंकाबाईने डोळे मिटून तुकडा खाल्ला. बाहेरून कोणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मग ती रत्नाच्या कानाशी वाकली.

"टायरचा वास न्हाई," ती म्हणाली.

रत्नाला हसू आवरेना. तिने हातांनी तोंड झाकलं, दोन्ही हातांनी, आणि त्या पांढऱ्या, उघड्या हातांवर दारातून आलेलं ऊन पडलं होतं तरी तिने ते खाली घेतले नाहीत.