रिकामी राहिलेली ओळ

धाकटीला डिझाइन प्रमुखाची खुर्ची मिळाली त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. सख्खी बहीण झाली म्हणून काय झालं? जिने बोट धरून ड्रॉइंग वाचायला शिकवलं ती तपासनिसाच्या टेबलावरच राहिली, आणि शिकलेली काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसली. वर ऑफिसभर ‘ताई, ताई’ करत फिरायची. गोड बोलण्याचीसुद्धा चीड येते माणसाला, खोटं कशाला बोला!

सोमवारी धाकटीचा कागद तपासायला तिच्या टेबलावर आला. साबणाच्या कारखान्यासाठी कमी दाबाची टाकी हवी होती. पत्रा किती जाड, जोड कुठे, वेल्डिंग कसं तपासायचं, सगळं चोख लिहिलेलं. थोरली नाक मुरडत वाचत गेली आणि अकराव्या मुद्द्यापाशी थबकली. टाकीने आतून किती दाब सोसायचा ते होतं, बाहेरून किती ते नव्हतंच. आणि टाकी तर वाफेने धुवायची होती. धुतल्यावर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह लगेच बंद केला की आतली वाफ थंड होऊन आटते आणि बाहेरची हवा भलीमोठी टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपून टाकते. शेजारी कुणी उभं असेल तर त्याचं काही खरं नाही.

थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. केबिन दहा पावलांवर होती, पण ती जागची हलली नाही. गुरुवारी मालकांसमोर, गिऱ्हाइकासमोर तोंड उघडायचं, मग बघू खुर्ची कुणाची ते! धाकटीने दोनदा येऊन विचारलं, काही राहिलंय का म्हणून. थोरलीने ‘बघतेय’ म्हणून तिला वाटेला लावलं.

गुरुवारी बैठकीत ती अकराव्या मुद्द्यावर बोट ठेवूनच बसली होती. साबणवाल्यांच्या इंजिनिअरने विचारलं, हे सगळं कशाच्या आधारावर लिहिलंय?

“हे माझं नाहीच,” धाकटी म्हणाली. “चौदा वर्षांपूर्वी ताईने रंगाच्या कारखान्यासाठी लिहिलं होतं. मी फक्त मापं बदलली. तिचं लिहिलेलं मी डोळे झाकून घेते.”

तिने एक पिवळा पडलेला कागद टेबलावर ठेवला. खाली थोरलीची सही होती. अकरावा मुद्दा शब्दाला शब्द तोच, तेवढाच अपुरा.

थोरलीने मुद्द्यावरचं बोट उचललं. रंगवाल्यांची ती टाकी अजून चालू होती आणि तीही वाफेनेच धुतली जायची. इतक्या वर्षांत कुणी व्हॉल्व्ह लवकर बंद केला नव्हता, एवढंच नशीब. आता गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

“बाहेरचा दाब लिहिलेला नाही,” ती म्हणाली. “चूक माझी आहे, दोन्ही कागदांत. आणि मला ती सोमवारपासून माहीत आहे.”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. सोमवार ते गुरुवार, सगळा हिशेब तिला लागला. मग तिने पेन उचलून राहिलेली ओळ लिहिली.

“ताई, आधी रंगवाल्यांना फोन लाव, व्हॉल्व्ह उघडाच ठेवा म्हणावं. मग दोघी जाऊन टाकी बघून येऊ.”

थोरलीने फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती आणि धाकटी दाराशी थोरलीची पर्स घेऊन उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. मोठेपणातही ती पुढे निघून गेली होती, आणि थोरलीला त्याचाही हेवा वाटला.