ओल्या कातड्याचे जोडे

"ते मेलेल्या गाईचं कातडं काढ पायातनं, म्हाताऱ्या! शनिवारपासनं ज्याच्या पायात बूट न्हाई, त्याच्या होडीला आगबोटीची दोरी मिळणार न्हाई."

आयर्लंडच्या गॉलवे बंदरातून नवा आलेला आगबोटीचा मुकादम हॅन्ली वाळूवर उभा राहून ओरडत होता. पुढ्यात फुकट वाटायच्या बुटांचं पोतं.

"मेल्याल्या गाईचंच हाय," म्हातारा होडीवाला फेस्टी म्हणाला. "तुमचे बूट काय जित्या गाईचे हायती?"

बायका फिदीफिदी हसल्या. हॅन्ली नाही हसला.

बेटाला धक्का नव्हता. आगबोट लांब नांगर टाकायची आणि पीठ, रॉकेल, गुरं होड्यांनीच आणावी-न्यावी लागायची. दोरी मिळाली नाही तर काम नाही, आणि काम नाही तर हिवाळ्यात पीठ नाही. सात होड्यांनी मुकाट बूट घेतले. आठवी फेस्टीची.

"घाल की गुमान," घरी त्याची बायको बार्ब्रा म्हणाली. "समदे घालत्यात."

"आपल्या होडीचं पोट कापडाचं हाय, बार्ब्रा. डांबर फासलं म्हनून लाकूड होत न्हाई त्याचं. त्यात खिळ्याची टाच घालू?"

बार्ब्रानं त्याचे जोडे उचलले आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. कच्चं कातडं वाळलं की फळीसारखं कडक होतं. ओलं राहिलं तरच पावलाला धरतं.

शनिवारी लाटा मोठ्या होत्या. माणसं किनाऱ्यावर आली आणि जन्माच्या सवयीनं, जोडे भिजवायला, सरळ गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. बूट काठोकाठ भरले!

"कालवं धरताय काय रं त्यात?" फेस्टीच्या मागं वल्ह्यावर बसलेला त्याचा मेव्हणा टाईग ओरडला.

जड पाय उचलून ते होड्यांत चढले. पहिल्याच होडीत कुणाची तरी टाच सांगाड्याच्या दोन कामट्यांच्या मधोमध, नुसत्या कापडावर पडली. फट्! तळातून समुद्र वर आला. दुसरीचंही तेच. उरलेल्या पाच पुढं सरकल्याच नाहीत.

आगबोटीपाशी पोचली ती एकटी फेस्टीची होडी. हॅन्ली किनाऱ्यावर यायला शिडीवरून होडीत उतरत होता, बुटांसकट.

फेस्टीनं वल्हं मारून होडी हातभर मागं घेतली.

"बूट काढा, मुकादम."

"वेडा झालास? जवळ घे!"

"ही होडी माझ्या पोराबाळांचं ताट हाय. त्यात खिळ्याचा पाय पडायचा न्हाई."

"तुझं काम गेलं समज!"

"समजलो. बूट काढा, न्हाईतर वर जावा."

हॅन्लीचा एक पाय शिडीवर, एक हवेत. मग तो वर गेला. आगबोट माल न उतरवताच निघून गेली.

"गेलं काम?" किनाऱ्यावर बार्ब्रानं विचारलं.

"गेलं असंल."

"बरं," ती म्हणाली आणि होडी उचलायला पुढं झाली.

पुढच्या शनिवारी आगबोट आली. फाटलेल्या होड्यांना ठिगळं लागली होती. आठही होड्या लाटांवर डुलत तिच्यापाशी गेल्या आणि चोवीस माणसांच्या पायांत केसाळ, ओलं कातडं होतं. हॅन्लीनं कठड्यावरून बराच वेळ खाली बघितलं. गेल्या खेपेचा माल अजून बोटीवरच पडलेला, म्हणून कप्तान मागून शिव्या घालत होता. शेवटी हॅन्लीनं दोरी फेकली, नेमकी फेस्टीच्या होडीकडं.

फेस्टीनं हात पुढं केला नाही. दोरी पाण्यात पडली.

"पुन्ना टाका," तो म्हणाला. "नीट."