चक्रवाक उडाला तेव्हा

पौषातली पहाट. तलावावर धुकं, धुक्याआड शिंगाड्याच्या वेली, वेलींपलीकडे उगवतीचा मंद, मधुर, केशरी उजेड. भंडारा शहराच्या कडेला, वसाहतीच्या पाठीला पाठ लावून पसरलेलं हे शांत, शेवाळगंधी पाणी. आणि त्या पाण्यात, मधल्या चिखलबेटावर, एकटा चक्रवाक. सुवर्णकांती, श्यामपुच्छ, दूरदेशीच्या प्रवासानं शिणलेला. इतक्या वर्षांत तो इथे पहिल्यांदाच उतरला होता.

बाभळीखाली कुंदाकाकू बसल्या होत्या, डोळा कॅमेऱ्याला लावून. हा तलाव त्यांचा. म्हणजे मालकी नगरपालिकेची. पण कुठल्या फांदीवर खंड्या बसतो, कुठल्या लव्हाळ्यात टिबुकली बुडी मारते, सारं काकूंना तोंडपाठ. काठावरच्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर दर हिवाळ्यात एकच छायाचित्र लागतं, आणि ते आजवर त्यांचंच लागत आलं. यंदाही लागणार होतं, चक्रवाकाचं. तसं त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

पण चक्रवाकाला कोण सांगणार? तो नेमका पलीकडे तोंड करून बसला. पलीकडे ओल्या गवतावर मृण्मयी पालथी पडली होती. शेजारच्या साबळ्यांची नवी सून, काकूंची शिष्या. पाखरांचं वेड तिला काकूंनीच लावलं. पोटावर कसं सरकायचं, श्वास रोखून बटण कसं दाबायचं, तेही त्यांनीच शिकवलं. आणि पहिला नियमही त्यांचाच : पाखरू आपल्यामुळे उडता कामा नये.

सूर्य मृण्मयीच्या पाठीशी, काकूंच्या डोळ्यांत. काकूंच्या वाट्याला पाठ, काळवंडलेली, अंधुक पाठ. मृण्मयीच्या वाट्याला मुख, मान, छातीवरचं सगळं उजळ सोनं. जळलं काकूंचं मन, चरचरून जळलं. इतकी वर्षं डासांना रक्त पाजलं ते आपण, आणि भिंतीवर जाणार ही? कालची पोर? मत्सर मेला असा, की एवढ्या थंडीतही कानशिलं तापवतो.

काकू उठल्या. गुडघे आखडले म्हणून नव्हे, मुद्दाम उठल्या. खांद्यावरची शाल त्यांनी झटकली, फडाफड झटकली.

चक्रवाक दचकला. वारा पलीकडून येत होता, म्हणून वाऱ्याला सामोरा, थेट मृण्मयीच्या दिशेनं तो झेपावला. आणि बसल्या पक्ष्यात मिटलेलं सारं एकाएकी उलगडलं. पंखांवरचं शुभ्र, शुभ्रालगतचं झळझळीत हिरवं, टोकांचं गर्द काळं. खाली पाण्यात तेच शुभ्र, तेच हिरवं, तेच काळं. पलीकडचा कॅमेरा थांबेना. बसल्या पक्ष्याहून उडता पक्षी मोलाचा, हे साऱ्यांना शिकवणाऱ्या काकू रागाच्या भरात तेवढंच विसरल्या होत्या. त्यांचा स्वतःचा कॅमेरा गवतात पडला होता.

मृण्मयी काठाकाठानं धावत आली, कोपरापर्यंत चिखलानं माखलेली.

"काकू, बघा ना."

काकूंनी पाहिलं. असं छायाचित्र त्यांना उभ्या जन्मात साधलं नव्हतं.

"तुम्ही मुद्दाम उठलात ना?"

काकूंनी हातातली शाल पुन्हा खांद्यावर ओढून घेतली.

"मी नुसता बसलेलाच काढत होते, म्हणून उडवलंत ना त्याला? माझ्यासाठी स्वतःचा नियम मोडलात, स्वतःचा फोटो सोडलात." तिचा आवाज भरून आला. "सख्खं माणूसही एवढं करत नाही हो काकू." आणि ती वाकली, काकूंच्या पायांवर तिनं डोकं टेकवलं.

बोलावं, खरं बोलावं, असं काकूंच्या ओठांशी आलं. ओठांशीच राहिलं.

"हो गं," त्या म्हणाल्या. "छान आलाय."

धुकं विरलं. उजेड पाण्यावर आला, पाण्यावरून चिखलबेटावर आला, रिकाम्या बेटावर पडून राहिला. काकूंचा हात मृण्मयीच्या दवओल्या केसांवर टेकला.