थोरल्या साडूचा तिसरा डबा

आम्ही तिघे साडू. थोरल्याचा बर्फाचा कारखाना, धाकट्याचा नवाकोरा छापखाना, आणि मधला मी, खांबांवर ट्रान्सफॉर्मर चढवणाऱ्या गँगचा मुकादम. म्हणजे दोघांच्या मध्ये भरडायला मीच!

थोरल्याच्या कारखान्यासमोर खांबावर पन्नास-पन्नास केव्हीएचे तीन ट्रान्सफॉर्मर आहेत. आम्ही त्यांना डबे म्हणतो. थोरल्याला मात्र ती पोटची पोरं. पाहुणा आला की आधी खांब दाखवतो, मग पाणी विचारतो.

धाकट्याने चांगली नोकरी सोडून छापखाना टाकला. शुक्रवारी शाळेच्या प्रश्नपत्रिका द्यायच्या, नाहीतर पहिलंच काम हातचं जाणार. त्याच्या मशिनीला तीन फेज हव्यात. त्या एका डब्यातून मिळत नाहीत, दोन जोडले की मिळतात. या जोडणीत पन्नासच्या दोघांतून शंभर नाही, शहाऐंशीच निघतात. पण धाकट्याला साठ पुरे. गोदामात डबा होता एकच! दुसरा यायला पंधरवडा.

"माझ्या बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे, काहीही करा," बायको म्हणाली. काहीही करा म्हणे! डबा काय परसात उगवतो?

भर दुपारी, सगळ्या मशिनी चालू असताना मी थोरल्याकडे मीटर लावला. लोड जेमतेम सत्तर. वर्षभरात पंचाहत्तरच्या वर कधी गेलाच नव्हता. त्याचंही दोनात भागत होतं, तिसरा नुसता शोभेला. आमचे साहेब म्हणाले, काढा, पण त्याची सही आणा.

सही? सरळ मागितली असती तर त्याने मलाच बर्फात घातलं असतं. मी चहा घेत सुस्कारा सोडला.

"साडूभाऊ, लोक काहीबाही बोलतात हो. म्हणे तुमच्या मशिनी जुनाट, म्हणून तीन डबे लागतात. धाकट्याचं दोनात भागणार."

"कोण म्हणतं जुनाट? माझंही दोनात भागतं!"

"राहू द्या. उगाच कशाला इरेला पेटता?"

"ते काही नाही! आजच्या आज उतरवा तो तिसरा!"

मी खिशातून कागद काढला. सहीसुद्धा त्याने दोनदा केली.

लगेच वीज बंद केली, तारांना अर्थिंग केलं, क्रेनने डबा उतरवला, उरलेल्या दोघांची जोडणी बदलली. दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या खांबावर दोन डबे चढले. गँगला हसू आवरेना. मी डोळे वटारले, कारण मलाही आवरत नव्हतं.

शुक्रवारी प्रश्नपत्रिका वेळेवर गेल्या. धाकट्याने मला मिठी मारली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

आता कौतुक होणार म्हणून घरी येऊन ऐटीत खुर्चीत बसलो. बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"ताईच्या दारात दोन, धाकटीच्या दारात दोन. आणि माझा नवरा गँगचा मुकादम असून माझ्या दारात एकही नाही!"