लाल खुणेच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुना प्रीअँप आहे. घाबरू नका, हे कुठल्या आजाराचं नाव नाही. आजार या गोष्टीत आहे, पण तो पुढे येतो, आणि तो मला झालेला नाही.

आधी माझं काम सांगतो, कारण ते सहसा कुणाला ठाऊक नसतं. तुम्ही माइकसमोर बोलता तेव्हा माइकमधून जे बाहेर पडतं ते इतकं बारीक असतं की पुढच्या यंत्राची झोपही मोडत नाही. ते बारीक बोलणं मी घेतो, मोठं करतो आणि पुढे पाठवतो. झालं माझं काम. माइकबरोबर लोक फोटो काढून घेतात. माझ्याबरोबर आजवर कुणी काढलेला नाही. मी म्हणजे एक राखाडी लोखंडी डबा. पुढच्या बाजूला काचेआड एक काटा आणि त्याच्या शेजारी एक काळं गोल बटण. त्या बटणाला मी माझा कान म्हणतो, कारण जन्मभर तोच पिळला गेला.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. माझ्या तारा जोडणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती आणि मला तपासणाऱ्या गृहस्थांना घरी जायची घाई होती. त्यांनी माझ्याकडे न बघताच 'तपासले' असा शिक्का मारला. तरीही मी चांगला निघालो. माणसांच्या बाबतीतही असं होतं म्हणतात.

मला विकत घेतलं ते लिफ्टकाकांनी. त्यांना हे नाव इमारतीतल्या मुलांनी दिलं होतं. 'दरवाजा बंद होत आहे, कृपया हात सांभाळा' हे तिथल्या लिफ्टमधलं वाक्य काकांच्याच आवाजात होतं. आवाज देणं हाच त्यांचा धंदा. सिमेंट, बँक, दंतमंजन, फोनवर तिष्ठत ठेवणाऱ्या कंपन्या, या सगळ्यांच्या वतीने काका बोलत. 'आपला फोन आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे' हे ते इतक्या कळकळीने म्हणत की लोक अर्धा अर्धा तास विश्वास ठेवून बसत.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं मोठं कपाट. तीन बाजूंना जुन्या गाद्या ठोकलेल्या, वर काकूंचे लोकरी कोट टांगलेले, मध्ये एक स्टूल, एक माइक आणि फळीवर मी. कापड प्रतिध्वनी खातं. त्या कपाटातला आवाज बाहेर जात नसे आणि बाहेरचा आत येत नसे. मला जे काही कळलं ते त्या माइकमधून कळलं, तेवढंच मी तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवातीला काका रोज माझा कान थोडा इकडे, थोडा तिकडे करत. त्यामुळे एका जाहिरातीत सोमवारचा अर्धा भाग दणदणीत आणि मंगळवारचा अर्धा मिळमिळीत झाला आणि काम परत आलं. काकू नेलपॉलिशची बाटली घेऊनच कपाटात शिरल्या. बटणाच्या कडेवर एक लाल ठिपका, त्याच्यासमोर माझ्या पत्र्यावर दुसरा.

"हे दोन ठिपके समोरासमोर राहिले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "आवाज कमी वाटला तर आपण नीट बोलायचं. डब्याचे कान पिळायचे नाहीत."

"बरं बाई," काका म्हणाले.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. ठिपक्याला ठिपका, काका बोलले की काटा ठरल्या जागी. बँकेचे लोक म्हणत, "काय आवाज आहे!" त्यात माझाही वाटा आहे असं कुणी म्हटलं नाही. मीही मनाला लावून घेतलं नाही. डब्यांना मन नसतं हे मी मनात पक्कं केलं होतं.

मग एका उन्हाळ्यात काकांनी खाकरून माझं बटण लाल खुणेच्या केसभर पुढे नेलं.

केसभरच. मी ते कुणाला सांगणार? मला बोलतं करायला दुसऱ्या कुणाचा तरी आवाज लागतो. पुढच्या आठवड्यात आणखी केसभर. काटा मात्र ठरल्या जागीच येत होता, कारण तो कसा आणायचा ते काकांना माहीत होतं. काम वेळेवर जात होतं. लेक ऑफिसातून आली की पूर्वी दारातूनच बोलायची, आता कपाटात डोकं घालून बोलायची. काकूंनी चहाची खुर्ची काकांच्या खुर्चीला टेकवली (हे मला पुढे त्यांच्याच फोनवरून कळलं), आणि आपण ती का हलवली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. घरातली माणसं काकांच्या जवळ जवळ सरकत होती. त्याला सगळे माया समजले. ती होतीही.

पण मित्रांनो, बटण पुढे नेलं की नुसता आवाजच मोठा होत नाही. आमच्या पोटात थोडी खरखर असतेच, तीही मोठी होते. बँकेच्या माणसाने विचारलं, "तुमच्याकडे पाऊस पडतोय का?" बाहेर रखरखीत ऊन होतं. दंतमंजनवाल्यांनी काम परत पाठवलं. फोनवाल्या कंपनीने काही न बोलता दुसरा आवाज शोधला.

"बाबा, तुमचा घसा बसलाय का?" लेकीने एकदा विचारलं.

"घसा कशाला बसेल? डबा बसलाय. म्हातारा झालाय तो."

अशा रीतीने मी म्हातारा झालो. खरं तर काका माझ्यापेक्षा बरेच मोठे होते, पण डबा बदलता येतो, म्हणून वय माझ्या नावावर टाकण्यात आलं.

हिवाळा लागला आणि नवा प्रीअँप निवडायचं काम सुरू झालं. ते काम किती मोठं असतं याची तुम्हाला कल्पना नाही. काका कपाटात बसून फोनवर त्या विषयातल्या जाणकारांचं बोलणं ऐकत, त्यामुळे मलाही ऐकावं लागे. एक म्हणे, अमका डबा आवाजाला ऊब देतो. दुसरा म्हणे, ऊब हवी असेल तर शेगडी घ्या, डबा स्वच्छ हवा. तिसरा म्हणे, स्वच्छ डब्यात आत्मा नसतो. आत्म्यावरून तिघांचं इतकं वाजलं की एकाने दुसऱ्याला बहिरा ठरवलं. या मंडळींपैकी एकानेही काकांचा आवाज ऐकला नव्हता. ज्याला त्याला आपापल्या डब्याचीच काळजी होती.

काकांना मात्र यातून मोठा धीर येत असे. रोज नवं नाव, रोज नवी आशा. "हा आला ना, की सगळं पूर्ववत होईल बघ," ते काकूंना सांगत, आणि मग पाणी पीत, आणि मग खाकरत, आणि मग पुन्हा पाणी पीत. गिळताना त्यांना जरा थांबावं लागायचं. माइक चांगला होता. तो थांबणंही माझ्यापर्यंत पोचवायचा.

काकू म्हणाल्या, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या की."

"डॉक्टर काय प्रीअँप बदलून देणार आहे?"

यावर काकू हसल्या. विनोद चांगला होता. घरात विनोद चांगला झाला की विषय संपतो.

असा हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. पाऊस सुरू झाला तेव्हा दोन डबे पारखायला घरी आले. एक काचेचे दिवे असलेला, वजनाला दगड. दुसरा चंदेरी, निळ्या दिव्याचा, तोऱ्यातला. दोघेही माझ्या फळीवर येऊन बसले आणि मला कडेला सरकावलं. पारख करायला काकांचा जुना मित्र आला. त्याने आयुष्यभर रेकॉर्डिंगच्या खोल्यांमध्ये काम केलं होतं. त्याला सगळे कानसेन म्हणत.

कानसेन शिस्तीचा माणूस. "हे बघ लेका, न्याय म्हणजे न्याय," तो म्हणाला. "एकच वाक्य तिन्ही डब्यांतून म्हणायचं. आणि म्हाताऱ्यालाही त्याची संधी द्यायची. ही लाल खूण कसली?"

"तुझ्या वहिनीची आहे. जुनी."

"मग आधी खुणेवर आण. इतका पुढे का नेलायस? तिथे देवसुद्धा खरखरेल."

कानसेननेच माझा कान धरून ठिपका ठिपक्यासमोर आणला. किती महिन्यांनी! मला घरी आल्यासारखं वाटलं.

"हं. बोल."

"दरवाजा बंद होत आहे, कृपया हात सांभाळा."

काटा जेमतेम जागा झाला आणि पुन्हा पडला.

"जेवला नाहीस का रे? जोरात बोल की!"

काकांनी जोर लावला. तो जोर मला कळला, कारण श्वास मोठा आला. आवाज तेवढाच आला. कानसेन हसत होता. मग त्याने हेडफोन नीट बसवला, चंदेरी डब्यातून तेच वाक्य ऐकलं, दिवेवाल्यातून ऐकलं, पुन्हा माझ्यातून ऐकलं, आणि त्याचं हसणं थांबलं.

"तू एकदा बोल आणि मध्येच थांब."

काका बोलले आणि थांबले.

"परत."

काका परत बोलले, परत थांबले.

"लेका," कानसेन हळूच म्हणाला, "डब्याची खरखर तू थांबलास तरी चालू राहते. ही थांबते. ही तुझ्याबरोबर थांबते."

मग काकूंचा आवाज आला. त्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "भाऊजी, म्हणजे काय?" कानसेनने हेडफोन उतरवून ठेवला. काकाच स्टूल मागे सारत म्हणाले, "मला वाटलंच होतं." कधीपासून वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या बटणाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

पुढचं मला काकूंकडून कळलं. कपाटातला आवाज बाहेर जात नाही, म्हणून त्या तिथे येऊन, दार लावून, आपल्या बहिणीला फोन करत. मला बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"अगं, तिथे बाकावर बसलो होतो," त्या सांगत होत्या, "आणि वरच्या भोंग्यातून ह्यांचाच आवाज. 'कृपया आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहावे.' केव्हातरी त्या रुग्णालयाचंही काम केलं होतं ह्यांनी. काय खणखणीत गं तो! शेजारची बाई म्हणाली, किती आधार वाटतो नाही ह्या आवाजाने. आणि हे आपले मान खाली घालून बसून राहिले, स्वतःचंच ऐकून."

मग दार नीट लागलंय ना, ते ओढून पाहिल्याचा आवाज आला.

"डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात आला असतात तर किरणांचा शेक देऊन भागलं असतं. आता स्वरयंत्रच काढावं लागेल. सगळं. आणि हिवाळ्यात आम्ही काय करत होतो माहितेय? डबा निवडत होतो."

स्वरयंत्र काढलं. काका आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात. दिवेवाला डबा दुकानात परत गेला. चंदेरी डबा लेकीने त्याआधीच विकत घेऊन टाकला होता, बाबांना बरं वाटावं म्हणून. तो माझ्या डोक्यावर बसलाय. अतिशय स्वच्छ आहे, काही म्हणजे काही ऐकू येत नाही त्याच्यातून.

बरेच दिवस कपाट बंद होतं. माझ्यावर धूळ साचली, कोटांना कसर लागली. मग एका सकाळी दार उघडलं. काका स्टुलावर बसले, मला चालू केलं, बटण लाल खुणेवर आणलं. त्यांच्या हातात विजेरीएवढं एक यंत्र होतं. ते गळ्याला टेकवून कळ दाबली की ते गुणगुणतं आणि ओठ-जीभ त्या गुणगुणण्याचे शब्द करतात. घरच्यांसमोर काकांना ते लावायची लाज वाटत असावी, म्हणून सराव कपाटात.

"दर-वा-जा बंद होत आ-हे."

पिंपात अडकलेल्या भुंग्यासारखा तो आवाज. मित्रांनो, माझा काटा उठला तो थेट ठरल्या जागी, आणि वाक्यभर तिथेच राहिला, तसूभर हलला नाही. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अचूक रेकॉर्डिंग ते. मला ते नको होतं.

गोष्टीच्या शेवटी मला पुसत जा, झाकून ठेवा, असं सांगायची आमच्यात पद्धत आहे. माझं सोडा. घरात कुणासाठी टीव्ही हळू करावा लागत असेल, खुर्ची रोज थोडी पुढे ओढावी लागत असेल, 'काय म्हणालात?' हे वरचेवर विचारावं लागत असेल, तर डबे पारखत बसू नका. डबा काय, तो मोठं करून देईल. त्याचं कामच ते आहे. किती मोठं करावं लागतंय, याच्याकडे कुणीतरी बघायला हवं.

त्या सकाळी कपाटाचं दार पुन्हा उघडलं. काकू होत्या. काकांनी यंत्र पटकन मागे लपवलं.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या.

त्या यंत्रालाही आवाजाचं एक चिमुकलं चाक आहे. काकूंनी नेलपॉलिशची बाटली उघडली. चाकावर एक ठिपका, त्याच्यासमोर यंत्रावर दुसरा. दुसरा ठिपका जरा फरफटला.

"इथून हलवायचं नाही," त्या म्हणाल्या. "हलवावंसं वाटलं, तर आधी मला सांगायचं. काय?"

काकांनी यंत्र गळ्याला लावलं. पॉलिश अजून ओलं होतं, ते थोडं त्यांच्या बोटाला लागलं.

"सां-गेन."

काटा ठरल्या जागी आला.