गोचीडवाला

काचेचं छत फोडून काळ्या कोटातला तो माणूस खाली उतरला आणि वेदिकानं माझा हात धरला. नातीला वाटलं, आजी घाबरली. मी हसत होते. पंचवीस वर्षांनी पाहत होते त्याला.

जुने सिनेमे हल्ली पुन्हा लावतात. हा आठवडाभर सकाळी दहाच्या खेळाला आहे असं तिनं सांगितलं, तेव्हा मीच हट्ट धरला. सून म्हणाली, या वयात असली मारधाड कशाला? हा सिनेमा मी चार वेळा पाहिला होता, शेवट मात्र एकदाही नाही. मला तो पाहायचा होता.

माझे यजमान, यादव, मेन रोडमागच्या एका टॉकीजात दारावर होते. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून जागा दाखवायची. इंग्रजी सिनेमा लागला की काम वाढे. मखमलाबाद, आडगावकडची माणसं भाजी विकून झाली की दुपारच्या खेळाला येऊन बसत, आणि त्यांना अक्षर कळत नसे. मग हे भिंतीला टेकून मराठीत सांगत. या सिनेमातल्या रक्त पिणाऱ्या दातवाल्यांना काय म्हणावं, ते यांना सुचेना. भूत म्हणावं तर सुटाबुटात, राक्षस म्हणावं तर माणसासारखे. शेवटी हे, लहानपणी म्हशी राखलेला माणूस, बोलून गेले, "गोचीड हायेत रे हे. दुसरं काय!" अख्खं थेटर हसलं. दुसऱ्या दिवसापासून लोक खिडकीवर गोचीडवाल्याची तिकिटं मागू लागले. मॅनेजर आधी चिडला, मग सिनेमा तीन आठवडे चालला तसा गप्प बसला.

मला त्यात काय आवडायचं? तो काळ्या कोटवाला कुणाला विचारत नसे. दार बंद असलं तर लाथ घालायचा. मी गंगेवर, म्हणजे आमच्या नदीच्या घाटावर, फुलांची पाटी घेऊन बसायचे. हातभर जागेसाठी रोज कुणाची तरी मनधरणी करायची. तो एकटा वीस जणांच्या अंगावर जायचा आणि इकडे खुर्चीत माझी पाठ ताठ व्हायची. पण अडीच वाजले की सिनेमा अर्धवट टाकून संध्याकाळचे गजरे ओवायला उठावंच लागे.

त्याच्या बायकोला ते गोचीड चावलेले असतात. ती वाचते का, असं मी एकदा जेवताना विचारलं. तेव्हा माझंच रक्त पार कमी झालं होतं. दवाखान्यात बाटल्या चढत होत्या, आणि डॉक्टर माझ्याशी न बोलता यांना बाहेर बोलावून घेत.

"वाचते ना," हे म्हणाले. "तिला उचलून गच्चीवर आणतो तो. लय कोवळं ऊन ऱ्हातं."

मी बरी झाले. हे गेले त्याला आता चार वर्षं झाली. डोळे मिटले की मला ती गच्ची दिसे, आणि कोवळ्या उन्हातली ती दोघं. येताना रिक्षात मी वेदिकाला तो शेवट सांगूनही टाकला. ती रुसली.

आता पडद्यावर गच्ची आली. त्यानं बायकोला उचलून आणलं होतं. ऊन आलं, खरंच कोवळं. ते तिच्या पायांवर आलं, मग हातांवर, आणि जिथं जिथं आलं तिथं ती जळत गेली. गोचीडांना, आणि ते चावलेल्यांनाही, ऊन सोसत नाही, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी ते कधी जोडूनच पाहिलं नव्हतं. ती चेहरा उन्हाकडे करून हसली. तो तिला घट्ट धरून बसून राहिला, हातात काही उरलं नाही तोवर.

रोज चार खेळ, तीन आठवडे. हे भिंतीला टेकून तिला मरताना पाहत होते आणि घरी येऊन मला जेवायला वाढत होते.

दिवे लागले. वेदिकानं डोळे पुसले. "आजी, आजोबांनी तुला चुकीचं सांगितलं?"

"नाही गं," मी म्हटलं. "त्यांनी पाहिला तेव्हा वाचली होती ती."

माणसं उठून गेली. झाडूवाली मुलगी जिन्याशी येऊन थांबली, पण तिनं उठा म्हटलं नाही. पडद्यावर इंग्रजी नावं वर सरकत होती. मला एकही वाचता येत नव्हतं. शेवटचं नाव जाईपर्यंत मी बसून राहिले.