जाळ्यातले कासव आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. दवाखान्यात तोंडाला बांधतात तो नव्हे. पाण्याखाली पाहण्यासाठी डोळ्यांवर आणि नाकावर चढवतात तो. पुढे जाड काच, भोवती मऊ काळी कड आणि मागे पट्टा, एवढाच माझा संसार. माणसाला पाण्यात सगळे धूसर दिसते. मी त्याच्या डोळ्यांसमोर मूठभर हवा धरून ठेवतो, म्हणून त्याला समुद्राचा तळ स्वच्छ दिसतो.

कारखान्यातून मी थेट मालवणला आलो. नव्या काचेवर वाफ धरते, म्हणून पहिल्याच दिवशी मला टूथपेस्टने घासून काढले. पुढे कितीतरी पर्यटकांच्या नाकांवर मी ऐटीत मिरवलो. "काय झकास दिसतंय!" असे कुणी म्हणाले की मला माझेच कौतुक वाटे. पण काम झाल्यावर मला गोड्या पाण्याने धुण्याची आठवण कुणालाच राहत नसे. मीठ साचून माझा पट्टा तडकला आणि माझी रवानगी बोटीतल्या एका पिंपात झाली. डिझेलच्या वासात, फाटक्या दोरखंडांखाली मी पडून राहिलो. आता आपण पुन्हा काही पाहणार नाही, असेच मी धरून चाललो होतो.

त्या पिंपातून मला बाहेर काढले ते मनोजने. मनोज नाशिकच्या तरणतलावावर पोहायला शिकवतो आणि हिवाळ्यात हौशी लोकांना घेऊन समुद्राखाली उतरतो. त्याने मला नाशिकला आणले, कोमट पाण्यात भिजवले, नवा पट्टा बसवला आणि दीपमालाच्या हातात ठेवले.

दीपमाला मखमलाबादकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. घरची फुलशेती. तिची आई लताबाई झेंडू आणि शेवंती घेऊन रोज फुलबाजारात बसते. एकदा वर्गात पोवळ्याचा विषय निघाला. पोवळे म्हणजे दगड नव्हे, तो जिवंत प्राणी असतो, असे दीपमालाने सांगितले. तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाहिलाय का जिवंत?" दीपमालाने समुद्र फक्त किनाऱ्यावरून पाहिला होता. तो प्रश्न तिच्या मनातून जाईना.

समुद्राखाली उतरून पोवळी पाहण्याचा तिचा बेत ऐकून लताबाई फणकारली. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. "समुद्रात काय ठेवलंय गं? आपल्या गंगेला पाणी नाय का?"

"गंगेत पोवळी नाहीत ना, आई."

"मग माझ्या अंगठीत हाय की. बघ हवं तितका वेळ!"

तरी दीपमाला शिकायला आलीच. टाकीतल्या हवेवर श्वास घेणे तिला लवकर जमले. अडले ते माझ्यापाशी. पाण्याखाली माझ्यात मुद्दाम पाणी भरू द्यायचे, मग मला वरून कपाळाशी दाबून नाकाने जोरात श्वास सोडायचा, म्हणजे ते पाणी खालून निघून जाते. पण नाकाला पाणी लागले की दीपमालाचा धीर सुटे. ती धडपडत वर येई, खोकत मला काठावर आपटे.

मनोज शांतपणे म्हणे, "मॅडम, घाबरू नका असं मी म्हणत नाही. घाबरा. पण नाकातून श्वास सोडत घाबरा."

ती हसे आणि पुन्हा खाली जाई. तिला ते जमू लागले तेव्हा थंडी पडली होती आणि समुद्र निवळला होता.

मित्रांनो, मालवणच्या समुद्रात आम्ही उतरलो त्या सकाळी वारा पडलेला होता. बोटीचा नांगर पोवळ्यांवर नव्हे, वाळूत टाकला होता. दोराला धरून, नाक दाबून कान मोकळे करत दीपमाला हळूहळू खाली गेली. आधी नुसता हिरवा अंधुक उजेड होता. मग तळ उघडला आणि तिचे डोळे माझ्या काचेमागे मोठे झाले. थाळ्यांसारखी पसरलेली पोवळी, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचे गोटे, काटेरी चेंडूंसारखे समुद्री साळू, कपारीतून डोकावणारी सापासारखी वाम. पिवळेधमक पट्टेरी मासे आमच्याभोवती असे फिरत होते, जणू पाहुणी त्यांच्याकडेच आली आहे. एक हिरवट पोपट मासा चोचीने पोवळे कुरतडत होता, आणि तो कुडुम कुडुम आवाज आम्हाला ऐकू येत होता. दीपमालाने कशालाही हात लावला नाही. ती फक्त पाहत राहिली.

मग तिला ते जाळे दिसले. कुठून तरी सुटून वाहत आलेले, पोवळ्यांवर पसरलेले. आणि त्यात एक समुद्री कासव. मान आणि पुढचा पाय अडकलेला. कासवाला श्वासासाठी वर यावेच लागते, मित्रांनो. त्याची धडपड मंदावली होती.

दीपमालाने मनोजला खूण केली. मनोजने कंबरेची कात्री काढली आणि पायाभोवतीचे दोरे कापू लागला. दीपमाला मानेजवळचे जाळे ताणून धरू लागली. पाण्याला ओढ होती. तळाला न टेकता एका जागी राहणे कठीण जात होते. तेवढ्यात कासवाचा मोकळा झालेला पाय फाडकन फिरला आणि माझ्यावर बसला. मी तिच्या चेहऱ्यावरून सरकलो. खारे पाणी आत शिरले. तिचे डोळे मिटले, छाती धपापू लागली.

वर पळण्याचा मोह तिला झाला असेल. पण घाईने वर जाणे पाणबुड्याला घातक असते, आणि कासवाची मान अजून जाळ्यात होती. तिने एका हाताने जाळे तसेच धरले, दुसऱ्या हाताने मला कपाळाशी दाबले आणि नाकाने श्वास सोडला. थोडे पाणी गेले. पुन्हा सोडला. माझी काच स्वच्छ झाली! समोर मनोजची कात्री शेवटच्या दोऱ्यावर होती.

दोरा तुटला. कासव क्षणभर तसेच तरंगले, मग त्याने पाय पसरले आणि ते उजेडाच्या दिशेने वर गेले. आम्हीही दोराला धरून, थांबत थांबत वर आलो. पाण्याबाहेर डोके काढले तर बोटीवरची माणसे ओरडत होती, "घेतला! श्वास घेतला त्यानं!" थोड्याच अंतरावर कासवाचे ओले डोके चमकत होते. दीपमाला हसत होती आणि रडत होती. आतून मीही ओला झालो होतो. दुपारी सगळ्यांनी मिळून ते जाळे पोवळ्यांवरून उचलले.

ही हकिकत नाशिकला पोचली तेव्हा लताबाई फुलबाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगू लागली, "माझ्या पोरीनं समुद्रातलं कासव सोडवलंय, हाय कुठं!" शाळेतली मुले तर मला हातोहात फिरवून, डोळ्यांना लावून पाहत होती.

मित्रांनो, तुम्हीही कधी समुद्रात उतराल. पोवळ्यांवर पाय देऊ नका. त्यांना बोटभर वाढायला वर्षे लागतात. जाळी, पिशव्या पाण्यात सोडू नका. आणि बाहेर आल्यावर माझ्यासारख्याला तांब्याभर गोडे पाणी दाखवा. पिंपात पडलेल्या जुन्या वस्तूलाही अजून खूप काही पाहायचे असते.